डिप्पर न देणारा दीर

समोरून येणाऱ्या गाडीला डिप्पर न देणाऱ्या माणसाबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी आता कुणासाठी बदलणार नाही. असा माणूस सोवळ्यात पूजा करत असेल, आईबापांना सांभाळत असेल, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आंबे पाठवत असेल, तरी आतून तो हलकटच. दिवसाउजेडी सगळे एकमेकांना बघत असतात, म्हणून सगळेच नीट वागतात. अंधारात, समोर कोण आहे हे ठाऊक नसताना जो आपला दिवा खाली करतो, तो माणूस. हे मत मला पुस्तकात सापडलेलं नाही. ते मला माझ्या चुलतदिराने दिलं, आणि त्याच्याबरोबर मोडलेलं मनगटही दिलं.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. आम्ही नवराबायको रत्नागिरीजवळ कुवारबावला राहत होतो. नवरा गावात कचेरीत होता आणि मी हातखंब्याच्या बाजूला एका हायस्कुलात भूगोल शिकवत होते. सकाळची एसटी मिळायची, पण दहावीचे जादा तास घेऊन सुटेपर्यंत संध्याकाळची निघून गेलेली असायची. म्हणून मी मोपेड घेतली. साडीचा पदर खोचून मोपेड चालवणाऱ्या बायका तेव्हा त्या रस्त्याला फारशा नव्हत्या. नाक्यावरचे रिकामटेकडे बघत बसायचे. त्याची मला सवय झाली. रस्त्याची मात्र कधीच झाली नाही.

कुवारबाव सोडलं की पुढे दिवाबत्ती नव्हती. डांबर मधोमध जेमतेम, दोन्ही बाजूंना लाल मातीचे चर, आणि चराच्या पलीकडे लोकांच्या आवारांचे चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. थंडीत सहा वाजून गेले की काळोख. त्या काळोखात मुंबई-गोवा रस्त्यावरून आत शिरलेले ट्रक यायचे. त्यांतल्या कित्येकांचा एक दिवा गेलेला असायचा. लांबून वाटायचं सायकल किंवा मोटारसायकल येते आहे, आणि जवळ आल्यावर त्या एका दिव्याच्या शेजारचा सगळा काळोख म्हणजे ट्रकच असायचा. एखादा बंद पडला की मागे लाल दिवा नाही, काही नाही, चिऱ्याचे चार तुकडे रस्त्यात मांडून ठेवायचे. आणि दुरुस्त झाला की ट्रक घेऊन जायचे, तुकडे तिथेच! ते उचलायला यांच्या तीर्थरूपांनी यायचं. बैलगाड्यांना मागे साधा कंदीलसुद्धा नसायचा. विचारलं तर गाडीवान म्हणायचा, "बैलांना दिसतां ना." हे सगळं मी सहन करत होते, कारण ही माणसं मला परकी होती. परक्यांवरचा राग घरी पोचेपर्यंत ओसरतो.

माझा चुलतदीर परका नव्हता. तो माझ्या नवऱ्याहून धाकटा, मोठ्या काकांचा मुलगा. हातखंब्याच्या पुढे त्यांचं गाव. मूळ घर, कलमांची बाग, घरचा गणपती, सगळं त्यांच्याकडे. आम्ही गणपतीला आणि मे महिन्यात तिकडे जायचो. दिराने जुनी जीप घेतली होती. दिवसभर रत्नागिरीत त्याची कामं चालायची, आणि संध्याकाळी तो गावाला परत निघायचा, नेमका मी शाळेतून घरी येत असायची त्या वेळेला.

त्या वर्षी दसऱ्याला त्याने जीपला पुढे लोखंडी गार्ड लावून घेतला आणि त्यावर दोन मोठे जादा दिवे बसवले. आम्ही सोनं द्यायला गेलो होतो. संध्याकाळी त्याने अंगणात सगळ्यांना बोलावून दिवे लावून दाखवले. समोरची माडाची झाडं शेंड्यापर्यंत पांढरी पडली. गोठ्यातली गाय दावं ओढायला लागली.

"बघा वहिनी," तो म्हणाला, "आता काळोख म्हणून काही राहिलाच नाही."

"समोरून कोणी आलं तर?" मी विचारलं.

"समोरचा थांबेल की."

सगळे हसले. मीही हसले असेन. घरच्या माणसाच्या नव्या वस्तूला कोण नाव ठेवतं?

डिसेंबरात मी खेडशीच्या अलीकडचं वळण घेत होते. वळणावरच समोरून तो उजेड अंगावर आला. मी हॉर्न दाबला, हात वर केला. उजेड तसाच. मोपेडचा दिवा इंजिनावर चालायचा. वेग कमी केला की तोही मंद व्हायचा. म्हणजे डोळे दिपले म्हणून हळू व्हावं, तर आपला होता तो उजेडही जायचा. मला डांबराची कड दिसेनाशी झाली. पुढचं चाक मातीत उतरलं, चरात गेलं, आणि मी उजव्या हातावर गडग्याला आपटले. जीप शेजारून गेली. थांबली नाही. जाताना हॉर्न मात्र दिला. तो हॉर्न मी ओळखला. आमच्या अंगणात शिरताना तो असाच वाजायचा.

एमआयडीसीतून सुटलेले दोन कामगार एकाच सायकलवरून येत होते. त्यांनी मला उठवलं. एकाने माझी मोपेड ढकलत आणली, दुसरा सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालला. कुवारबावला पोचेपर्यंत मनगट सुजून टम्म झालं होतं. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी प्लास्टर घातलं.

नवऱ्याला मी सांगितलं, "तुमच्या भावाची जीप होती."

"त्याला दिसलं नसेल गो."

"एवढा उजेड घेऊन फिरतो आणि त्याला दिसलं नसेल?"

दुसऱ्या दिवशी त्याने माझी वेणी घातली. आयुष्यात पहिल्यांदाच. ती अशी काही घातली की वर्गातल्या मुली पाठीमागे खुसखुसत होत्या. डाव्या हाताने मी फळ्यावर नकाशे काढायची, तर आफ्रिका वांग्यासारखी यायची. भाकरी थापता येईना, नारळ खवता येईना. प्रत्येक अडलेल्या कामाला मला तो हॉर्न ऐकू यायचा.

रविवारी आम्ही मूळ घरी गेलो. दीर ओटीवर पाय पसरून बसला होता. माझ्या गळ्यातल्या झोळीत अडकवलेला हात बघून उठला, "अरे रे, वहिनी, काय हे?"

"भावोजी, परवा संध्याकाळी खेडशीच्या वळणावर तुम्ही होतात."

"असेन. रोजच असतो."

"तुम्ही डिप्पर दिला नाहीत. मी चरात गेले."

त्याने नवऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "त्या होत्या काय? मला वाटलं कोणी गडी असेल मोपेडवर."

हे वाक्य त्याने सारवासारव म्हणून टाकलं होतं. गडी असता तर चरात गेला तरी चालला असता, असा त्याचा अर्थ होतो हे त्याच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

"तुम्ही दिवा खाली का करत नाही?" मी विचारलं.

"वहिनी, लहान गाडीने मोठ्या गाडीला वाट द्यायची असते. रस्त्याचा नियमच आहे तो. आणि खरं सांगू? तुमच्या त्या दिव्यापेक्षा काजवा बरा. तुमचा दिवा मला दिसला तर मी माझा खाली करणार ना?"

काकू, म्हणजे त्याची आई, चहा घेऊन आल्या. "आता झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "तू तरी कशाला एवढ्या काळोखाची हिंडतेस?"

मी चहा घेतला नाही. त्या घरात मी पहिल्यांदाच चहाला नाही म्हटलं, आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलं. मनगट कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

नवऱ्याला न सांगता मी चौकीवर जाऊन आले. तिथल्या हवालदाराने आधी खुर्ची दिली, मग कागद ओढला. "जीप कोणाची?" मी सांगितलं. "तुमची ओळख?" दीर, म्हटलं. त्याने पेनाला टोपण लावलं. "मग बाई, घरातच मिटवा की. उद्या तुम्हीच याल, तक्रार मागे घ्यायची म्हणून." मी उठले. मी आले नसते, पण त्याला ते सांगून काय उपयोग होता?

प्लास्टर निघालं आणि मी पुन्हा मोपेड काढली. नवरा म्हणाला, जादा तास सोड. मी म्हटलं, तास मी का सोडू? डोळ्यांवर उजेड मारतोय तो. त्यालाच सांगा गावात राहायला. तसं सांगणारं मात्र कुणी नव्हतं.

पुढचे कित्येक दिवस मी काय केलं ते आठवलं की अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो. तो उजेड लांबून दिसला की मी डांबराखाली उतरायची, दोन्ही पाय टेकायची, आणि डोळे मिटून उभी राहायची. जीप जायची. धूळ बसायची. मग डोळे उघडून निघायचं. मी, शिकलेली बाई, साठ पोरांना गप्प बसवणारी, रोज संध्याकाळी रस्त्याकडेला एका उर्मट माणसाची जीप जाईपर्यंत डोळे मिटून उभी! त्याला दिसत असेलच. त्या उजेडात मी काय, माझ्या बांगड्यासुद्धा दिसत असतील. पण हॉर्न देऊन जायचा, जसा काही माझ्यावर उपकार केला.

खेडशीजवळ पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, एक अरुंद मोरी होती. एका वेळी एकच गाडी जायची. फेब्रुवारीतली गोष्ट. मी मोरीवर आधी पोचले, आणि पलीकडून तो उजेड आला. मागे सरायचं, खाली उतरायचं, पाय टेकायचे, सगळं अंगवळणी पडलं होतं. त्या दिवशी मी तसं केलं नाही. का नाही केलं, मला सांगता येणार नाही. शाळेत काही बिनसलं नव्हतं, घरी भांडण नव्हतं. मी मोरीच्या मधोमध मोपेड आडवी केली, स्टँडवर लावली, इंजिन बंद केलं आणि तिच्यापुढे जाऊन उभी राहिले. उजेडामुळे समोरचं काही दिसत नव्हतं. ब्रेकचा आवाज आला, तोंडावर गरम वारा आला, पेट्रोलचा वास आला. मला वाटलं, आता उडवतो हा मला.

"कोण आहे रे मध्ये?" त्याचा आवाज आला. मग, "वहिनी? अहो, वेड लागलंय काय तुम्हाला?"

"दिवा खाली करा."

"बाजूला व्हा आधी."

"आधी दिवा खाली करा. मग होते."

"चेष्टा पुरे झाली हां, वहिनी. मला घरी जायचंय."

"मलाही."

तो हॉर्न दाबून बसला. मी कानांवर हात ठेवले आणि उभीच राहिले. तेवढ्यात माझ्या पाठीमागून रत्नागिरीला जाणारी लांब पल्ल्याची एसटी आली. ड्रायव्हर उतरून आला. मी, आडवी मोपेड, समोर जीप बघून त्याला वाटलं अपघात.

"लागलंय का कोणाला?"

"नाही," मी म्हटलं. "हे दिवा खाली करत नाहीत, म्हणून मी थांबलेय."

"ही आमची वहिनी आहे हो," दीर जीपमधून ओरडला. "घरातलं आहे आमच्या."

ड्रायव्हर दोघांवरही वैतागला. "मग घरची भांडणं घरी करा ना. माझी गाडी भरलेली आहे." तो डोळ्यांवर हात धरून उभा होता, कारण त्याच्याही डोळ्यांत तोच उजेड जात होता. "आणि साहेब, तुम्ही तो फोकस करा की खाली. काय दिसतंय का माणसाला?"

एसटीच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. एक बाई आतून ओरडली, "अरे करतोस की नाय मेल्या? घरी पोरां वाट बघतायत!" सगळी गाडी हसली. मला वाटतं त्या हसण्यानेच ते झालं, माझ्याने नाही. जीपमध्ये खाली पायाशी एक बटण असतं. ते त्याने दाबलं. खट्. मग गार्डवरचे दोन्ही दिवे विझवले. उजेड माझ्या तोंडावरून खाली उतरून पायांशी आला, आणि मला त्याचा चेहरा दिसला. तो लाल झालेला होता.

मी मोपेड स्टँडवरून काढली आणि कडेला घेतली. माझ्याजवळून जाताना त्याने जीप क्षणभर थांबवली. "चार लोकांत लाज काढलीत, वहिनी. हे मी लक्षात ठेवीन."

"ठेवा," मी म्हटलं. "रोज संध्याकाळी आठवा."

एसटीत बसलेल्यांनी बातमी माझ्याआधी पोचवली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला कचेरीत विचारलं गेलं, काय हो, मिसेसनी जीप अडवली म्हणे? तो घरी आला तो तोंड पाडून. "तुला काय मिळालं हे करून?" मी म्हटलं, एक संध्याकाळ दिसलं, हे मिळालं. तो जेवला आणि पाठ करून झोपला. काकूंचा निरोप आला, की बाईमाणसाने रस्त्यात पुरुषाची गाडी अडवावी हे आमच्या घराण्यात कधी झालं नव्हतं. पडून हात मोडावा हे मात्र झालं असावं, कारण त्याबद्दल काही निरोप नव्हता.

पण त्यानंतर एक गोष्ट झाली. दीर मला डिप्पर द्यायला लागला. लांबूनच तो माझा मिणमिणता दिवा ओळखायचा आणि उजेड खाली करायचा. तोच काजव्याहून वाईट दिवा त्याला आता चांगला दिसत होता. नवऱ्याला सांगितलं, तर तो खूश झाला. "बघ, सुधारला. मनाने वाईट नाहीच तो."

मलाही चार दिवस तसंच वाटलं. मग एका संध्याकाळी जीप माझ्या शेजारून गेली आणि माझ्या आरशात मागचा रस्ता एकदम पांढरा झाला. मी थांबून मागे बघितलं. मला ओलांडल्याबरोबर त्याने उजेड पुन्हा वर केला होता, आणि माझ्या मागून सायकलवर येणारा एक माणूस हात डोळ्यांवर घेऊन डगमगत होता. तो पडला. जीप गेली. मी परत जाऊन बघितलं. गुडघा फुटला होता, जेवणाचा डबा चरात सांडला होता, आणि तो जीपवाल्याच्या आईबहिणीचा उद्धार करत होता. माझ्याकडे बघून ओशाळला. मी म्हटलं, "चालू दे. माझ्याच घरातला आहे."

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या कडेलाच उभी राहून हात केला. जीप थांबली. उजेड खाली होता.

"आता काय, वहिनी? तुम्हाला देतो ना डिप्पर?"

"मला एकटीला नको. काल तुमच्यामुळे एक माणूस पडला. सगळ्यांना द्या."

तो खरोखर गोंधळला. मी काहीतरी विचित्र भाषेत बोलले असं त्याच्या तोंडावर होतं. मग म्हणाला, "सगळे काय आपल्या घरातले आहेत?"

मी मोपेड सुरू केली. ज्याला हे सांगावं लागतं, त्याला ते सांगून कळत नाही.

नवऱ्याशी मी याबद्दल भांडले नाही. पुढच्या आठवड्यात तो हातखंब्याला कामाला आला होता, तेव्हा त्याला मोपेडवर मागे बसवून घरी आणलं. वाटेत जीप आली. उजेड खाली झाला. मी म्हटलं, "आता मान वळवून मागे बघा." त्याने बघितलं. घरी पोचलो. हातपाय धुऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, "लहानपणी आमच्याशीही असाच वागायचा. मोठे बघत असले की चिंचा वाटून खायचा." मग उठून आत गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण भावाबद्दल एवढं वाईट मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

त्या वर्षी भाद्रपदात मी सांगून टाकलं, मी मूळ घरी येणार नाही. मला वाटलं होतं तो एकटा जाईल. तो सकाळी बाजारात गेला आणि वीतभर उंचीची मूर्ती पाटावर घेऊन, रुमालाने झाकून आला. घरचा गणपती वेगळा करणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. जमिनीच्या वाटण्या होतात, चुली वेगळ्या होतात, पण गणपतीला सगळे एका घरात येतात. आमचा डिप्परवरून वेगळा झाला. नात्यागोत्यात लोक पुष्कळ हसले. काकूंनी तर शेवटपर्यंत मला माफ केलं नाही. नवरा आरती म्हणताना मध्येच थांबला, कारण दुसऱ्या बाजूने ओळ उचलणारे चुलतभाऊ नव्हते. ती ओळ मी उचलली. माझा आवाज काही चांगला नाही.

अशा गोष्टीत शेवटी काहीतरी न्याय झाला असं लोकांना ऐकायचं असतं. मला कितीदा विचारलंय, मग त्याला काही झालं का? नाही झालं. तो तसाच गाडी चालवत राहिला. कधी कुठल्या ट्रकवर आपटला नाही, कधी कोणी त्याला चरात घातलं नाही. बाग वाढली, जीपच्या जागी नवी जीप आली, तिला आणखी मोठे दिवे आले. किती जण त्याच्यामुळे चरात गेले, त्यांनी कधी त्याचं नाव घेतलं नाही, कारण त्यांना नाव कळलंच नाही. समोरून नुसता उजेड आला आणि गेला.

दोनतीन वर्षांनी नात्यातल्या एका लग्नात तो भेटला. जेवणाची पंगत उठली होती, दुपार टळत होती. पान खात तो माझ्याजवळ आला, जसं काही मध्ये झालंच नव्हतं. "चला वहिनी, जीपने सोडतो. अजून राग आहे काय?"

"आहे," मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन रिक्षा केली.